वळायचं विसरू नका

दादरच्या पार्लरमधली मुलगी तुमच्या मानेवरून एक बोट फिरवते आणि निदान सांगावं तशी सांगते, "मान केवढी टॅन झालीय! डी-टॅन करून टाकू या." तुम्ही आला होतात फक्त केस कापायला. पण भिंतीवरच्या दरपत्रकात चेहरा, मान, अर्धे हात, पूर्ण हात, पाठ असे डी-टॅनचे अवयववार भाव लावलेले आहेत, आणि तुम्ही 'नको' म्हणायच्या आत गार पांढरी क्रीम गालांवर फासलीही जाते.

"डोळे मिटा. पंधरा मिनिटं बोलायचं नाही."

तुम्ही डोळे मिटता. क्रीम गार लागते, मग आणखी गार. पंख्याची घरघर, बाहेरचा बसचा हॉर्न, शेजारच्या खुर्चीवर चाललेलं कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलचं बोलणं, सगळं हळूहळू लांब जातं.

डोळे उघडता तेव्हा डिसेंबर २००३ आहे. टेक्सास. डॅलसच्या बाहेरचं एक उपनगर. एका हाताला पिझ्झाचं दुकान, दुसऱ्या हाताला लॉन्ड्री आणि मधे हे सलून. काउंटरवरची मुलगी चांगल्या भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाची आहे, अगदी एकसारखी. फक्त तळहात गुलाबी पांढरे. ती तुमच्याकडे बघते, मग तुमच्या मागे कुणी खरं गिऱ्हाईक उभं आहे का ते बघते.

"टॅन? तुम्हाला?"

"हो."

"आणखी?"

रंगाच्या तीन पायऱ्या असतात. फिका, मध्यम, गडद. तुमच्या हाताशेजारी स्वतःचा हात धरून ती जरा वेळ विचार करते. तिचा विकतचा रंग आणि तुमचा जन्माचा रंग यांत डावं-उजवं करणं तिलाही जमत नाही. शेवटी ती मध्यमवर बोट ठेवते. मग सूचना सुरू होतात, आणि त्या सत्यनारायणाच्या पूजेच्या तयारीइतक्या लांब असतात. डोक्याला टोपी. तळहात, नखं, पायांच्या बोटांच्या बेचक्या आणि टाचांना पांढरं मलम, कारण कातडी जिथे जाड तिथे रंग जास्त धरतो. कोपरांना आणि गुडघ्यांना तेच मलम, पण पुसटसं. ओठांना व्हॅसलीन. नाकपुड्यांत बसवायला दोन छोट्या गाळण्या. फवारा सुरू झाला की डोळे मिटायचे आणि श्वास रोखायचा. हे ती उगीच सांगत नाही. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने फवाऱ्यातलं रसायन त्वचेवर बाहेरून लावायला मोकळीक दिली ती १९७०च्या दशकात. पण त्या मोकळिकीत ओठ आणि डोळ्यांचा भाग येत नाही, आणि असं बंद खोलीत सर्वांगावर फवारून घेणंही येत नाही. खोल्या मात्र देशभर धडाक्यात चालू आहेत.

"आणि मोटार थांबली की वळायचं," ती सांगते. "वळायचं विसरू नका. हल्ली जो येतो तो त्यावरूनच विनोद करतो."

दोनच महिन्यांपूर्वी, ९ ऑक्टोबरला, 'फ्रेंड्स' मालिकेतला रॉस अशाच एका खोलीत शिरला होता. सेकंद मोजायची अमेरिकन पद्धत म्हणजे एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी. त्या मोजणीच्या घोळात तो वळलाच नाही आणि पुढची बाजू पुन्हा पुन्हा रंगवून घेऊन बाहेर आला. सबंध देश हसला. तुम्ही मनाशी ठरवता की आपल्याला गोदावरीने मोजायचं. मिसिसिपीएवढाच वेळ लागतो.

खोली म्हणजे पांढऱ्या फायबरचं उभं कवच आहे, आपल्याकडच्या जुन्या एसटीडी बूथपेक्षा थोडं ऐसपैस. आत नारळाचा वास आहे, आणि त्याच्या खाली दुसरा एक, ओल्या कणकेसारखा. अंगावर काही नसताना चिकट कागदी तळव्यांवर उभं राहून तुम्ही हिरवं बटण दाबता. मोटार घुरघुरते. समोरच्या खांबातल्या तोट्या फुसकारत वरून खाली येतात आणि माळशेज घाटात गाडीची काच खाली केल्यावर ढग आत शिरावा तसं ते धुकं छातीवर, पोटावर, मांड्यांवर बसतं. काटा येतो. मोटार थांबते.

एक गोदावरी. दोन गोदावरी.

आता वळायचं. पण व्हॅसलीन चुकवून एक थेंब ओठांच्या कोपऱ्यात आलाय आणि जीभ तिकडे गेलीच. गोड लागतं. औषधाचं उसनं गोड नव्हे, साखरेचं गोड. तुम्ही चकित होऊन डोळे मिटताच पायांखालची जमीन जाते.

१९५०चं दशक अर्धं सरलंय. ओहायो राज्यातलं सिनसिनाटी शहर, तिथलं लहान मुलांचं रुग्णालय. तुम्ही एका पलंगापाशी उभे आहात. पलंगावर चारेक वर्षांचा मुलगा, हातपाय काटकुळे आणि पोट नगाऱ्यासारखं. त्याच्या यकृतात साखर भरलेली आहे, पण कोठाराचं दार आतून बंद. खाल्लेली साखर ग्लायकोजेन होऊन आत जाते आणि भूक लागली तरी बाहेर येत नाही. म्हणून पोट सुजतं आणि रक्तात साखरेचा खडखडाट. डॉक्टर इव्हा विटगेनस्टाइन अशा मुलांना एक वेगळी साखर पाजून बघताहेत. डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, डीएचए. कार्बनचे अवघे तीन अणू असलेली साधीशी साखर. शरीर तिचं काय करतं हे त्यांना बघायचंय.

साखर असली तरी मात्रा भली मोठी आहे, आणि मूल ते मूलच. दोन घोट जातात, तिसरा तो फुर्रकन उडवतो. हनुवटीवरून ओघळ गळ्यावर, सदऱ्यावर. नर्स पुसून घेते आणि पुढच्या पलंगाकडे जाते. तुम्हाला कुणी हटकत नाही, तेव्हा तुम्ही थांबता.

काही तासांनी पुसल्या जागी तपकिरी ओघळ उमटतात. पाण्याने जात नाहीत, साबणाने जात नाहीत. आपल्याकडची एखादी आजी असती तर बिब्बा उतला म्हणाली असती आणि खोबरं चोळायला बसली असती. पण नर्सला खटकतं ते दुसरंच. ज्या सदऱ्यावर तोच घोट सांडला तो कोराच्या कोरा आहे. परटाचा बिब्बा कापडावर खूण ठेवतो ती जन्माची. इथे कापड सुटलं आणि कातडी धरली.

विटगेनस्टाइनबाई मग जे करतात ते बघायला तुम्ही आणखी वाकता. त्या ते द्रावण स्वतःच्या कातडीवर लावतात आणि दुसऱ्या कामाला लागतात. पुन्हा येऊन बघतात तो लावल्या जागी डाग उमटलेले. पुन्हा लावतात, पुन्हा उमटतात. हा रंग नाहीच. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ आहे. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यातल्या प्रथिनांच्या अमिनो आम्लांशी ही साखर जुळते आणि तपकिरी होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माइयार याने १९१२ साली साखर आणि अमिनो आम्लांचं हेच लग्न लावून दाखवलं होतं. पावाची कड, भाकरीवरचे करडे-तपकिरी ठिपके, परतलेल्या कांद्याचा रंग, सगळं त्या घराण्यातलं. त्या सगळ्याला तवा तापलेला लागतो. या इवल्या साखरेला अंगाची ऊब पुरते. एरवी भाजलं म्हणजे चटका बसला असं आपण समजतो. इथे माणूस वरच्यावर भाजला जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. रंग त्या मेलेल्या थरापलीकडे उतरत नाही, म्हणून आठवड्याभरात ती कातडी झडली की तोही झडतो.

बाईंचा आणि हेलन बेरी यांचा निबंध 'सायन्स' नियतकालिकात छापून आला तो १९६० साली. त्याच साली कॉपरटोन कंपनीचं, ऊन न लागता सावळं करणारं लोशन दुकानात आलं. पहिली मंडळी त्यातून नारिंगी होऊन निघाली, पट्टे पट्टे उमटले, तळहात गाजरासारखे झाले. कोड असलेल्या काहींना मात्र तेच डीएचए डाग झाकायला उपयोगी पडलं आणि आजही पडतं. मला स्वतःला हा भाग त्या सगळ्या लोशनांपेक्षा मोठा वाटतो, पण जाहिराती त्याच्या झाल्या नाहीत. ज्या मुलाच्या थुंकीतून एवढा व्यापार उभा राहिला, त्याचं पोट त्या साखरेने उतरलं की नाही हे विचारायला कुणीही सलूनमधून इथवर आलेलं नाही.

तुम्ही त्याच्याकडे बघता. तो तुमच्या तपकिरी छातीकडे बघतो, मग स्वतःच्या हनुवटीला हात लावतो. तुमच्याही अंगावर त्याने उडवलेला तोच घोट आहे, एवढंच त्याला कळलं असावं.

नाकात एकदम करपलेल्या साखरेचा वास येतो.

हे लंडन आहे, उन्हाळा १९४१. घड्याळात रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि खिडकीतून ऊन येतंय, कारण युद्धामुळे घड्याळं दोन तास पुढे ढकललीत. मोठी बॉम्बफेक मे महिन्यात थांबली. काचांवरच्या कागदी पट्ट्या अजून तशाच आहेत. स्वयंपाकघरात दोन बहिणी आहेत. धाकटी परकर वर धरून खुर्चीवर उभी, थोरली गुडघ्यांवर बसलेली, हातात बशी, बशीत काळपट पाणी. रश्शाला रंग यावा म्हणून घालायचं ब्राउनिंग ते. जाळलेली साखर आणि मीठ. इथेही साखरच, पण ही तव्यावर जळून आलेली.

१ जूनला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालंय. वर्षाला माणशी ६६ कुपनं आणि मोज्यांच्या एका जोडीला त्यांतली दोन जातात. रेशीम तर पॅराशूटच्या कामी गेलंय. नाचाला जायचं तर उघड्या पायांनी जाणं बरं दिसत नाही, म्हणून पायांवर मोजे रंगवायचे. थोरली कापसाच्या बोळ्याने घोट्यापासून वर लावत येते, फार सफाईने, भिंतीला गेरू लावणाऱ्या बाईसारखी. गुडघ्याच्या वाटीवर हात आखडता घेते. साठ वर्षांनी डॅलसमधली मुलगी जे सांगणार आहे ते हिला कुणी न सांगता ठाऊक आहे.

"हं, वळ," ती म्हणते.

धाकटी पाठमोरी होते. आता खरी कसोटी. रेशमी मोज्याला मागून शिवण असते, आणि शिवण नसेल तर मोजा खोटा हे कुणीही ओळखेल. थोरली भुवयांची पेन्सिल जिभेला लावते, श्वास रोखते आणि टाचेपासून वर एक सरळ रेघ ओढते. स्वतःच्या पायावर ही रेघ स्वतः ओढता येत नाही. आरशात बघून ओढलेली वाकडीच जाते; गल्लीत ज्यांना बहीण नाही त्या या घरी येऊन रांग लावतात.

मग तिचं लक्ष तुमच्या पायांकडे जातं. ती पेन्सिल खाली ठेवते.

"हे कुठलं लावलंय तुम्ही?"

"काही नाही. हे असेच आहेत."

ती ओल्या बोटाने तुमची पोटरी घासून बघते. बोट कोरडं निघतं. "पावसातही राहतो?" ती विचारते, आणि तिच्या आवाजातला हेवा इतका सरळ आहे की तुम्हाला काय बोलावं सुचत नाही. ज्या रंगाला तिच्या साहेबी राज्यात डब्यांचे आणि क्लबांचे दरवाजे बंद आहेत, तोच रंग तिच्या स्वयंपाकघरात बशीत कालवलेला आहे आणि ती म्हणते आहे की फिका झाला, अजून थोडं घाल. तिने तसा काही विचार केलेला नाही. तिला नाचाला उशीर होतोय. दोघी निघतात. कोपऱ्यावर शेजाऱ्यांचं कुत्रं मागे लागतं, धाकटीच्या घोट्याला चाटतं, आणि घोट्यापाशी मोजा फाटतो.

पुढचा थांबा घाईत होतो. १९३६, फ्रान्सचा दक्षिण किनारा, ज्वां-ले-पँ. याच वर्षी फ्रान्समधल्या कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली आणि लॉरेआलचं आंब्र सोलेर तेलही एव्हाना बाजारात आलंय. वाळूत माणसं ओळीने पडलीत, उन्हात घातलेल्या पापडांसारखी. एका बाजूने तांबूस झाली की उलटतात आणि पाठीला तेल लावायला शेजारच्याच्या हाती बाटली देतात. बायका अजून सांगतात की तेरा वर्षांपूर्वी कोको शनेल एका नौकेवरून सावळी होऊन उतरली आणि गोऱ्या छत्र्या अडगळीत गेल्या. एका बाईने एवढं होत नसतं. शेतावर राबणारा गरीब काळा होता तेव्हा गोरेपण महाग होतं. तोच गरीब गिरण्यांत आणि खाणींत जाऊन पांढरा पडला तेव्हा ऊन महाग झालं. शिवाय सूर्यप्रकाशाने क्षयाचे रोगी बरे करायला डॉक्टर आल्प्सच्या गच्च्यांवर खाटा टाकून बसले होतेच. आणखी साडेतीनशे वर्षं मागे जायची तुमची तयारी असेल तर इंग्लंडात बायका शिशाचा पांढरा लेप व्हिनेगरमध्ये कालवून तोंडाला थापताना दिसतील. पण तिथे कुणाच्या जवळ बसून हुंगण्यासारखं काही नाही, शिसं ते शिसं.

फुस्स.

तुम्ही डॅलसमध्ये आहात. मोटार पुन्हा घुरघुरतेय. नेमक्या किती गोदावऱ्या झाल्या? समोरचा खांब समोरच आहे. हे लक्षात येईपर्यंत धुकं छातीवर, पोटावर, मांड्यांवर दुसऱ्यांदा बसलेलं असतं.

काउंटरवरची मुलगी टॉवेल देताना तुम्हाला एकदा पुढून बघते, एकदा मागून. हसू नये म्हणून ती ओठ आत ओढते. पाठीचं काय, असं तुम्ही विचारता तेव्हा ती सांगते की आज पुन्हा करता येणार नाही. आठ तास अंगाला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, सैल आणि काळे कपडे घालायचे. आणि हो, हा रंग उन्हापासून राखत नाही हं, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा. उन्हाशिवाय उन्हाचा रंग विकणाऱ्या दुकानात हे सांगावं लागतं.

रात्रभर उशीला बिस्किटांच्या कारखान्याचा वास येतो. सकाळी आंघोळीला उभे राहता तेव्हा वरचा दिखाऊ रंग, जो फवारा कुठे बसला ते कळावं म्हणून मिसळलेला असतो, तो गुळाच्या पाण्यासारखा मोरीत वाहून जातो. खरा खाली शिल्लक आहे. आरशात समोरून बघावं तर तुम्ही रत्नागिरीच्या खलाशासारखे दिसता. पाठमोरे झालात की जसे आईच्या पोटातून आलात तसेच. डोळ्यांत साबण जातो. तुम्ही डोळे मिटता.

हलगीचा आवाज. कापराचा आणि बामचा वास. परळच्या एका मैदानात मांडव घातलाय आणि तुम्ही त्याच्या मागच्या बाजूला, ताडपत्रीच्या आडोशाला आहात. पुढे माइकवर शरीरसौष्ठव स्पर्धेचे वजनी गट पुकारताहेत. इथे फायबरचं कवच नाही, तोट्या नाहीत, हिरवं बटण नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलीत आणि त्यांवर पोरं हात पसरून उभी आहेत, गावातल्या बुजगावण्यांसारखी. कुणी ब्रशने, कुणी घराच्या भिंतीला वापरतात तसल्या छोट्या रोलरने एकमेकांना टॅन लावतंय. स्टेजवरच्या दिव्यांखाली उजळ अंग सपाट दिसतं, कट्स मारले जातात. म्हणून ही मंडळी वर्षभर घाम गाळतात आणि शेवटच्या दिवशी सागवानी कपाटासारखी गडद होतात. टॅन हा शब्द इथून जवळच दादरच्या पार्लरच्या भिंतीवर काढून टाकायच्या यादीत आहे.

साठ किलोच्या गटातल्या एका मुलाची आई डबा घेऊन आलीय. मुलाकडे बघून तिचा हात तोंडावर जातो. मग ती कोचकडे वळते.

"दादा, हे निघेल ना? येत्या रविवारी हळद आहे त्याची."

"आठ दिवसांत निघतं, मावशी. घासायचं नाही फक्त."

"आणि नाही निघालं तर? पिवळा दिसायला हवा का नको तो?"

"मावशी, हळद त्याच्यावर बसेल. काळजी नको."

आईचं समाधान झालेलं नाही. ती पदराचं टोक डब्याच्या झाकणावरच्या पाण्यात बुडवून मुलाच्या कानामागे घासून बघते, आणि कोच ओरडतो, "मावशी!"

मग त्याला तुम्ही दिसता. तो रोलर हातात घेऊन जवळ येतो, दोन पावलं मागे होऊन तुम्हाला डोळे बारीक करून न्याहाळतो. तुम्ही कुठल्या गटात, हे तो विचारणार म्हणून तुम्ही पोट आत ओढता. पण त्याला कामाचंच दिसतं.

"पुढून झकास बसलंय. दोन कोट मारलेत वाटतं." तो तुमच्या खांद्यावरून मागे डोकावतो. "अहो, पाठ कुणी लावलीच नाही का तुमची? वळा."

तुम्ही वळता. रोलर गार आहे.